भूमीतील जिनबिंबे, पुरातत्त्व खाते आणि विश्वस्तांची नोंदवही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सव म्हटला की संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो आणि तो घेतलाही पाहिजे. परंतु मंदिराच्या गाभाऱ्यात जी प्रतिमा विराजमान असते, तिचे वय ट्रस्टच्या वयापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. ट्रस्टला पन्नास वर्षे झाली, प्रतिमेला कदाचित पाचशे झाली असतील. या पाचशे वर्षांचा हिशेब कोणाकडे आहे, तो कोणी ठेवावयाचा, आणि देशाचा कायदा त्याबाबत काय म्हणतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय सरकारी खात्याचा असल्याने रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि या खात्याच्या इतिहासात जैन समाजाचा, आणि विशेषतः नागपूर-विदर्भाचा वाटा मोठा आहे.

कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली, तेथून या देशातील प्राचीन अवशेषांच्या पद्धतशीर अभ्यासाला प्रारंभ झाला असे मानले जाते. परंतु सोसायटी ही विद्वानांची मंडळी होती. वास्तूंचे रक्षण करण्याचा अधिकार तिच्यापाशी नव्हता. १८१० चे बंगालचे आणि १८१७ चे मद्रासचे विनियम हे सरकारचे पहिले पाऊल. सार्वजनिक इमारतींचा दुरुपयोग होत असेल तर हस्तक्षेप करण्याची मुभा त्यांनी सरकारला दिली. खासगी मालकीच्या वास्तूंना मात्र त्यांचा स्पर्श झाला नाही. त्यामुळे जुन्या मंदिराचे घडीव दगड काढून पूल बांधणे, रेल्वेच्या कामाला लावणे, हे प्रकार पुढे कित्येक वर्षे राजरोस चालू राहिले.

१८६१ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी अलेक्झांडर कनिंगहॅम या लष्करी अभियंत्याची पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमणूक केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा जन्म हाच. पाच वर्षांत, १८६६ मध्ये, सरकारने हे काम बंद केले; १८७१ मध्ये पुन्हा सुरू करून कनिंगहॅम यांना महासंचालक केले. खर्चाच्या रकान्यात सर्वांत आधी कात्री कशावर चालते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगावयास नको. ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूचे प्रवासवर्णन हाती घेऊन कनिंगहॅम गावोगाव फिरले. १८७३ ते १८७५ या काळात ते आणि त्यांचे साहाय्यक बेगलर मध्यप्रांतात आले. चांद्याजवळील भांदक, म्हणजे आजचे भद्रावती, यांच्या अवशेषांचे वर्णन कनिंगहॅम यांच्या अहवालात आहे.

नागपूरने मात्र कनिंगहॅम यांची वाट पाहिली नव्हती. स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप येथील शिलावर्तुळांचा आणि भूस्तरांचा अभ्यास करीत होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात बुडून त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. नागपूरकर त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात आणि शाळेच्या सहलीत एकदा पाहिला की पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. त्या अजब बंगल्यात अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर-खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुप्रतिमांचा संचय आहे. विदर्भाच्या मातीत शतकानुशतके विसावलेली ही जिनबिंबे भारतातील जैन धातुशिल्पाच्या अभ्यासात महत्त्वाची मानली जातात. नागपुरातील किती जैन कुटुंबांनी त्यांचे दर्शन घेतले असेल?

असा संचय सापडला तर तो कोणाचा, याचे उत्तर १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू सापडली आणि तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असा हा कायदा आहे. शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा मंदिराचा पाया घेताना एखादी प्रतिमा निघाली, तर भक्तिभावाने ती थेट वेदीवर ठेवण्याची प्रवृत्ती समाजात आहे. भावना समजण्यासारखी आहे. परंतु न कळविणे हा गुन्हा ठरतो. एवढेच नव्हे, तर प्रतिमा नेमकी कोठे, किती खोलीवर, कशाच्या सोबत मिळाली हे न टिपल्यास तिच्या इतिहासाचा अर्धा भाग कायमचा नष्ट होतो.

याचे मोठे उदाहरण मथुरेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही पंडित जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा समजत. हर्मन याकोबी यांनी ग्रंथांच्या आधारे हा समज खोडून काढला. परंतु दगडातला पुरावा कंकाली टीला या टेकाडातून आला. १८८८ ते १८९१ या काळात फ्यूरर यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. एक जैन स्तूप, आयागपट्ट, तीर्थंकरप्रतिमा आणि त्यांवरील ब्राह्मी लेख असा विपुल ऐवज निघाला. लेखांत आलेली गण, कुल आणि शाखा यांची नावे कल्पसूत्राच्या स्थविरावलीतील नावांशी जुळली. ग्रंथातील परंपरा कल्पित नाही हे दगडाने सिद्ध केले. त्यातील बराचसा संग्रह लखनऊच्या संग्रहालयात आहे, आणि व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०१ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुर्दैव असे की, फ्यूरर यांनी उत्खननाच्या नोंदी नीट ठेवल्या नाहीत. कोणती वस्तू कोठे मिळाली याचा तपशील बव्हंशी हरवला. पुढे अन्य प्रकरणांतील त्यांची लबाडी उघड झाल्यावर १८९८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. माल आला, पण बीजक नाही, अशी ही स्थिती होय. ठेवा लाखमोलाचा, पण नोंदीच्या अभावी अभ्यासक आजही अंदाजावर चालतात.

खात्याला शिस्त लागली ती लॉर्ड कर्झन यांच्या काळात. त्यांच्या राज्यकारभाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, प्राचीन वास्तूंच्या बाबतीत त्यांचे ऋण मान्य करावे लागेल. १९०२ मध्ये जॉन मार्शल महासंचालक झाले आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक परिरक्षण कायदा संमत झाला. या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक विश्वस्ताने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्मारक सक्तीने विकत घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण ज्या वास्तूत नियतकालिक धार्मिक विधी होतात, तिला तो लागू केला नाही. परकी सत्तेनेही जिवंत देवस्थान आणि ओसाड अवशेष यांत असा भेद केला. तेव्हापासून आजतागायत कायद्याची ही दिशा कायम आहे. कायद्याचा मुख्य भर अवशेषांवर राहिला आणि जिवंत मंदिरे बहुतांशी त्यांच्या वहिवाटदारांवर सोपविली गेली. याचे लाभ समाजाला मिळाले. त्यातून येणारी जबाबदारी मात्र फारशी कोणी ओळखली नाही.

भद्रावती हे याचे जवळचे उदाहरण. तेथील तीर्थाच्या इतिहासात असे सांगितले जाते की, विसाव्या शतकाच्या आरंभी श्री केसरिया पार्श्वनाथांची भव्य प्रतिमा उजाड परिसरात पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली होती. अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे एक व्यवस्थापक स्वप्नदृष्टांताने तेथवर पोहोचले. पुढे चांद्याच्या संघाने प्रयत्न केले आणि सरकारने ती जागा संघाच्या स्वाधीन केली. ‘स्वप्नदेव’ हे नाव त्यावरूनच पडले. दृष्टांत हा श्रद्धेचा विषय आहे. परंतु सरकारी दप्तर, अर्ज आणि संघाची चिकाटी यांतून एक तीर्थ पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट भांदकला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या डोळ्यांसमोर आहे.

याच काळात विदर्भातील वास्तूंच्या याद्या होऊ लागल्या. हेन्री कझिन्स यांची मध्यप्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ ची. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली, ती १९२६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध झाली आणि कारंजा येथील जैन भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. डॉ. हिरालाल जैन यांनी याच भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. (नामसाम्यामुळे या दोघांत गल्लत होते, व्यक्ती निराळ्या आहेत.) त्यांतील मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या काव्यात तेरापूरच्या गुंफांचे वर्णन येते. डॉ. जैन यांनी या गुंफा म्हणजे धाराशिवच्या लेणी असे दाखवून दिले. एका टोकाला कारंज्यातील पोथी आणि दुसऱ्या टोकाला मराठवाड्यातील डोंगर, असा हा सांधा जुळला. ती पोथी रद्दीत गेली असती, तर धाराशिवच्या लेण्यांमागची ही कथा कोणास कळली असती?

स्वातंत्र्यानंतरचा कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण राज्यसंस्थेवर सोपविले. १९७६ च्या दुरुस्तीने वारशाचे जतन हे नागरिकाचेही कर्तव्य ठरले. १९५१ च्या कायद्याने अनेक वास्तू राष्ट्रीय महत्त्वाच्या जाहीर झाल्या. त्यापाठोपाठ १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम आला. तोच आज मुख्य कायदा आहे. राज्यासाठी महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि त्यामुळे मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात राहिली. यात्रेकरू परतवाड्याहून जातात. अधिकारक्षेत्र मात्र मध्य प्रदेशाचे.

१९५८ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार संरक्षित स्मारक उपासनास्थान असेल तर त्याचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येत नाही आणि त्याची विटंबना होऊ न देण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर येते. संरक्षणाच्या वेळी जेथे पूजा चालू होती तेथे ती चालू राहते. जेथे नव्हती तेथे नव्याने सुरू करता येत नाही. वेरूळच्या ३० ते ३४ या जैन लेण्यांत यात्रेकरू वंदन करतात, पण पूजाविधी होत नाहीत, त्याचे कारण हेच. यावरून अधूनमधून समाजात नाराजी ऐकू येते. तथापि अभिषेकाचे पाणी, केशर आणि दिव्यांची काजळी इंद्रसभेच्या शिल्पांवर आणि छतावरील रंगचित्रांवर साचत गेली असती, तर आज तेथे काय उरले असते, याचा विचार नाराजी व्यक्त करणाऱ्यांनी करावा.

२०१० मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आले; राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास पूर्वी तीन महिने कैद व पाच हजार रुपये दंड होता, तो दोन वर्षे व एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. शंभर मीटरची ही रेघ सर्वांना एकाच मापाने लावल्यामुळे दाट वस्तीत सामान्य माणसाचे हाल होतात, ही तक्रार रास्त आहे. निर्जन टेकडीवरील गुंफा आणि बाजारपेठेतील वास्तू यांना एकच गज लावणे कापडाच्या दुकानातही चालत नाही.

आता खात्याची मर्यादाही पाहावी. देशभरात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके साडेतीन हजारांहून थोडी अधिक. महाराष्ट्रात ती तीनशेच्या आत. राज्याने संरक्षित केलेली आणखी साडेतीनशेहून अधिक. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पाहणी केली, तेव्हा केंद्राची ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडली नाहीत; २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतूनच वगळण्याचा निर्णय झाला. जी वास्तू यादीत होती तीही हरवते, मग जी यादीतच नाही तिचे काय? भारतातील बहुसंख्य जैन मंदिरे, त्यांतील प्रतिमा आणि हस्तलिखिते यांपैकी कशावरही या खात्याचा पहारा नाही. तेथे पहारेकरी म्हणजे विश्वस्तच.

आणि येथेच जीर्णोद्धाराचा प्रश्न येतो. जीर्णोद्धार हे महत्पुण्य मानले गेले आहे. त्यासाठी समाज मुक्तहस्ताने देणग्या देतो. परंतु अनेक गावांत त्याचा अर्थ जुने पाडून नवे बांधणे एवढाच उरला आहे. काळ्या पाषाणाच्या कोरीव चौकटीवर ऑइलपेंट चढतो, नक्षीच्या खांबाला संगमरवराच्या पट्ट्या बसतात, लेख असलेली शिळा पायरीत किंवा कुंपणात जाते. देणगीदारांच्या नावाची नवी पाटी लागते आणि चारशे वर्षांपूर्वीच्या देणगीदाराची पाटी चुन्याखाली गडप होते. मूर्तिभंजकांनी केलेल्या हानीबद्दल समाज आजही हळहळतो. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत घाईच्या जीर्णोद्धाराने केलेली हानी त्याहून कमी नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते. ती हानी भक्तिभावाने झाली एवढाच फरक.

दुरुस्ती लक्षपूर्वक केली तर काय हाती लागते, याचे उदाहरण रामटेकच्या गडावर आहे. केवल-नरसिंह मंदिराच्या भिंतीवरील जुना लेप गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात दुरुस्तीच्या वेळी काढण्यात आला, तेव्हा त्याखाली वाकाटक काळातील शिलालेख प्रकटला. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा महाग्रंथ महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून सिद्ध केला होता. त्यांच्या १९६३ च्या त्या ग्रंथात हा लेख नव्हता, कारण तो चुन्याखाली होता. रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणाऱ्यांनी गडावरची ती भिंतही एकदा पाहून यावी. एखादा कंत्राटदार तेथे लोखंडी ब्रश घेऊन पोहोचला असता, तर दीड हजार वर्षे टिकलेली अक्षरे एका दुपारी नाहीशी झाली असती.

प्रतिमांच्या पादपीठावरील लहान लेखांचीही हीच कथा आहे. संवत, तिथी, संघ-गण-गच्छ, प्रतिष्ठाचार्य, श्रावकाचे नाव, त्याची ज्ञाती आणि गोत्र एवढा मजकूर चार बोटे जागेत असतो. अशा मूर्तिलेखांच्या आणि पोथ्यांच्या आधारे विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ रचला. तो १९५८ मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला. कारंज्याच्या पीठांसह अनेक भट्टारक परंपरांचा कालक्रम त्यामुळे उभा राहिला. उत्खननशास्त्रातील मोठे नाव, नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनन करणारे डॉ. शां. भा. देव यांचा मूळ व्यासंगही जैन मुनिसंघाच्या इतिहासाचा होता, आणि १९५६ च्या त्यांच्या ग्रंथात आगमांबरोबर कोरीव लेखांचा आधार घेतलेला आहे. मात्र नित्य प्रक्षालाने, आणि त्याहून अधिक चिंच व पावडरीने घासण्याने, ही अक्षरे झिजत आहेत. पुढच्या पिढीला ती वाचता येतील याची खात्री नाही.

प्रतिमा आणि हस्तलिखिते यांच्यासाठी १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम आहे. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित हे या कायद्याने पुरावशेष ठरतात. पाषाण, धातू, काष्ठ, हस्तिदंत यांच्या जुन्या मूर्ती तसेच चित्रे असलेल्या पोथ्या यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रासह नोंद करावी लागते. मालकी बदलल्यास कळवावे लागते, आणि निर्यात सरकारखेरीज कोणालाही करता येत नाही. नोंदणीचे नाव काढले की ‘सरकार मूर्ती उचलून नेईल’ ही भीती विश्वस्तांच्या मनात येते. ती निराधार आहे. या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने सरकारला सक्तीने संपादन करण्याचा अधिकार दिला असला, तरी खरोखर धार्मिक उपासनेत असलेल्या वस्तू त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. १९०४ मध्ये मंदिराला मिळालेले अभय १९७२ मध्ये प्रतिमेलाही मिळाले.

नोंद नसली की काय होते, हे चोरीनंतर कळते. पोलिस प्रथम विचारतात : मूर्तीचे छायाचित्र आहे काय, उंची किती, लेख काय होता? तामिळनाडूतील मंदिरांतून परदेशी गेलेल्या अनेक मूर्तींची ओळख पटली ती पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे. २०२१ मध्ये अमेरिकेने भारताला १५७ प्राचीन वस्तू परत केल्या. त्यांत ९ जैन धर्माशी संबंधित होत्या. अशा परत आलेल्या प्रतिमेचे गाव आणि मंदिर ठरविण्यास जुने छायाचित्र किंवा लेखाची नक्कल याखेरीज दुसरा आधार क्वचितच असतो.

आता ट्रस्टचे दप्तर. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार प्रत्येक ट्रस्टची जंगम-स्थावर मालमत्ता धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते, आणि हिशेब दरवर्षी तपासले जातात. चांदीच्या भांड्यांचे वजन तेथे ग्रॅमपर्यंत लिहिलेले आढळते. पंखे, सतरंज्या, लाऊडस्पीकर यांची संख्याही बिनचूक असते. प्रतिमांपुढे मात्र अनेकदा ‘धातूच्या मूर्ती, नग बारा’ एवढेच असते. बारापैकी एक बदलली आणि तिच्या जागी तितकीच दुसरी आली, तर हिशेब तंतोतंत जुळतो आणि ताळेबंदावर सही होते.

हे दप्तर सुधारण्यास खर्च नगण्य आहे. प्रत्येक प्रतिमेचे समोरून, मागून आणि पादपीठाचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची, धातू वा पाषाण, लांछन. आणि लेखाची जशीच्या तशी नक्कल, अशी एक स्वतंत्र वही व तिची दुसरी प्रत मंदिराबाहेर. लेख वाचण्यासाठी जुनी नागरी जाणणारा माणूस नागपुरात मिळतो; विद्यापीठात प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाचा विभाग आहे, सिव्हिल लाइन्समधील जुन्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या शाखा आहेत. ती इमारतही २०१८ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची घोषित झाली. जीर्णोद्धाराचा ठराव येईल तेव्हा नकाशाबरोबर ही वही सभेपुढे असावी आणि जुन्या दगडाला हात लावण्यापूर्वी अभियंत्याखेरीज जाणकाराचेही मत घ्यावे. शे-दीडशे प्रतिमांच्या मंदिरात हे काम दोघा-तिघा तरुणांना एका चातुर्मासात पुरे करता येईल.